जिंकलेला डाव तपासायचा कसा? पांढऱ्याचा १४ चालींतला विजय, पायरी-पायरीने

बुद्धिबळात हरलेला डाव सगळेच तपासतात, कारण तो डोक्यातून जात नाही. जिंकलेला डाव मात्र गुण नोंदवले की संपतो. फार तर घरी आल्यावर मोबाइलवर टाकून इंजिन (चाली तपासणारा संगणकीय प्रोग्राम) लावायचं, हिरव्या खुणा बघायच्या आणि झोपायचं. सांगली-मिरजेच्या उन्हाळी स्पर्धांत खेळणाऱ्या बहुतेक क्लबपातळीच्या खेळाडूंची हीच पद्धत आहे. म्हणून तीच चूक पुढच्या फेरीत होते आणि तेव्हा समोरचा ती सोडत नाही. जिंकलेल्या डावात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: तुमची चांगली चाल आणि समोरच्याची घोडचूक. त्या वेगळ्या करणं हेच खरं काम आहे.

खाली एक नमुन्याचा डाव घेतला आहे. यातलं एच७ या घरावरचं उंटाचं बलिदान आपल्याकडच्या खेळाडूंना तोंडपाठ असतं, आणि म्हणूनच ते चुकीच्या जागीही सर्रास दिलं जातं.

आधी खूणपद्धत

स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर, तुम्ही इंग्रजी अक्षरंच लिहिता. इथे रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. प्याद्याच्या चालीला फक्त घराचं नाव (उभ्या रांगेचं अक्षर, आडव्या रांगेचा आकडा). × म्हणजे मारणं, + म्हणजे शह. आकड्यापुढे तीन टिंबं असली तर ती काळ्याची चाल. कॅसलिंग म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं.

१. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. घो सी३ उं बी४ ४. उं डी३ घो एफ६ ५. ई५ घो(एफ) डी७ ६. घो एफ३ कॅसलिंग (राजाच्या बाजूला) ७. उं×एच७+ रा×एच७ ८. घो जी५+ रा जी८ ९. व एच५ ह ई८ १०. व×एफ७+ रा एच८ ११. व एच५+ रा जी८ १२. व एच७+ रा एफ८ १३. व एच८+ रा ई७ १४. व×जी७ मात.

तयारी

लाकडी किंवा प्लॅस्टिकचा खरा पट, दोनशे पानी वही, पेन्सिल, आणि दोन रंगांची पेनं: निळं स्वतःच्या विचारांसाठी, लाल नंतर इंजिनने दाखवलेल्या गोष्टींसाठी. १४ चालींच्या डावाला इंजिनशिवाय तासभर ठेवा, ४० चालींच्या डावाला दोन बैठका. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पडद्यावरच्या पटावर तपासू नका. स्पर्धेत तुम्ही मान थोडी वाकवून खऱ्या पटाकडे बघता आणि डोळ्यांना सवय त्याच कोनाची लागलेली असते.

पट पांढऱ्याच्या बाजूने लावू नका. तुम्ही पांढऱ्याने जिंकलात, तर तपासायला काळ्याच्या बाजूला बसा. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो.

## टप्पा १: डाव अचूक उतरवून घ्या

मूळ स्कोअरशीट आयोजकांची असते, फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांत तसं स्पष्ट आहे. तुमच्याकडे राहते ती कार्बन प्रत. खालचा कागद सरकला असेल तर चाली पुसट उमटतात, म्हणून डाव संपल्यावर जागेवर बसूनच प्रत वाचून घ्या. खेळाच्या जागेत फोन चालत नाही, त्यामुळे 'नंतर फोटो काढू' हा विचार सोडा.

सगळ्यात जास्त गोंधळ पाचव्या चालीसारख्या ठिकाणी होतो. काळ्याचे दोन्ही घोडे, एफ६ वरचा आणि बी८ वरचा, डी७ वर येऊ शकत होते. घाईत नुसतं 'घो डी७' लिहिलं जातं. आठवड्याने पट मांडताना तुम्ही बी८ चा घोडा हलवता, एफ६ चा तिथेच राहतो, आणि मग नवव्या चालीला वजीर एच५ वर जातो तेव्हा एफ६ चा घोडा त्याला खाताना दिसतो. मग लोक म्हणतात की बलिदानच चुकीचं होतं. चुकीची होती ती नोंद.

चालीशेजारी घड्याळावर उरलेली वेळही लिहा, निदान दर पाचव्या चालीला. चाल मात्र आधी लिहून मग खेळू नका, ते नियमात बसत नाही. वेळवाढ (प्रत्येक चालीमागे मिळणारे जादा सेकंद) नसलेल्या डावात शेवटची पाच मिनिटं उरली की लिहिणं सक्तीचं नसतं. तिथून पुढच्या चाली हॉलबाहेर आल्या आल्या आठवून भरा.

तपासा: कागदावरून डाव मांडत शेवटपर्यंत या. शेवटची स्थिती प्रत्यक्ष पटावरच्या स्थितीशी जुळली तरच पुढे जा.

## टप्पा २: समोरच्याला तीन प्रश्न विचारा

डाव संपल्यावर समोरचा दहा मिनिटं बसायला तयार असेल तर ती संधी सोडू नका. लहान मुलगा असेल तर "बाळा, तुला इथे काय वाटलं होतं?" आणि ज्येष्ठ असतील तर "काका, सहाव्या चालीला तुमच्या मनात काय होतं?" एवढं पुरतं. विचारायचं काय? कुठली चाल त्याला अनपेक्षित होती, कुठल्या चालीची त्याला भीती होती, आणि कॅसलिंग करताना तो काय बघत होता.

स्वतःचे फाटे (डावात न आलेल्या शक्य चाली) त्याला समजावून सांगू नका. हरलेल्या माणसाला तेव्हा शिकवणी नको असते, आणि तुम्ही बोलत राहिलात तर त्याचं ऐकायचं राहून जातं. तो मिरजेची बस पकडायच्या घाईत असेल तर एकच प्रश्न विचारा: भीती कुठल्या चालीची होती? उत्तर घरी पोचायच्या आत लिहून काढा.

## टप्पा ३: डाव नेमका कुठे फिरला ते हाताने शोधा

इथे बहुतेक जण थेट ७. उं×एच७+ वर बोट ठेवतात. तिथे डाव फिरलेला नाही, तिथे तो वसूल झाला आहे. फिरला त्याआधी.

चौथी चाल बघा. ४. उं डी३ ही पांढऱ्याची चाल खेळण्यासारखी आहे, पण काळ्याने ४...डी×ई४ ५. उं×ई४ घो एफ६ असं केलं असतं तर घोडा उंटावर हल्ला करतच बाहेर आला असता आणि पांढऱ्याला तोच उंट पुन्हा हलवावा लागला असता. मारामारी न करता काळ्याने नुसता घोडा काढला, म्हणून ५. ई५ मुळे त्याला पळावं लागलं. तुमच्या वहीत निळ्या पेनाने यायला हवं ते असं: 'उं डी३ चाललं, कारण काळ्याने ई४ वर मारलं नाही. पुढच्या वेळी मारेल. मग काय?' जिंकल्याच्या आनंदात हा प्रश्न कुणी लिहीत नाही.

पाचव्या चालीला काळ्याकडे ५...घो ई४ होतं. सी३ च्या घोड्यावर आधीच बी४ चा उंट आहे, त्यात या घोड्याची भर. तुम्ही याला काय उत्तर दिलं असतं ते पाच मिनिटं बसून काढा. पाठ केलेलं उत्तर नको, पटावर मांडून निघालेलं हवं.

सहावी चाल हा खरा अपघात. एफ६ चा घोडा डी७ वर गेल्यावर एच७ ची राखण करायला हत्तीशिवाय कुणी उरलं नाही. तोवर हत्ती एच८ वर होता, म्हणजे उंटाने एच७ खाल्लं असतं तर हत्तीनेच त्याला खाल्लं असतं. कॅसलिंगने तो पहारेकरी उठवला आणि राजाला नेमका एच७ च्या शेजारी आणून बसवला. ६...सी५ करून डी४ वर दाब दिला असता तर हे काहीच नव्हतं. आपल्याकडे लहान मुलांना 'लवकर कॅसलिंग कर' असं सांगितलं जातं, पण समोरचा उंट डी३ वर आणि प्यादं ई५ वर असताना त्या बाजूला जायचं की नाही, हे सांगायचं राहून जातं.

आणि आपल्याही सहाव्या चालीला पर्याय होता: ६. व जी४, जी७ वर सरळ मारा. तो चांगला की घो एफ३, हे आताच इंजिनला विचारू नका. वहीत प्रश्न म्हणून ठेवा.

इशारा: 'ही चाल चांगली' किंवा 'ही वाईट' एवढंच लिहिलं तर ती नोंद वाया गेली. 'यामुळे एच७ ची राखण सुटली' असं कारणासकट वाक्य लिहा.

## टप्पा ४: बलिदानाचा पूर्ण हिशोब

सर्वाधिक वेळ इथे द्या, निम्मा तरी. प्रत्यक्षात काळा एका वाटेने गेला. तुम्ही बलिदान दिलंत तेव्हा त्याच्यापुढे आणखी पाच वाटा होत्या. त्यातल्या किती तुम्ही पटावर बसून पाहिल्या होत्या, याचं खरं उत्तर वहीच्या मार्जिनमध्ये आकड्याने लिहा.

७. उं×एच७+ नंतर:

१. काळा उंट खातच नाही, ७...रा एच८. ही वाट विसरणारे सर्वाधिक. उंटावर राजाचा मारा आहे, तो तसाच सोडता येणार नाही. उं डी३ असा मागे घेतला तर एक प्यादं वर आणि काळ्याचा राजा उघडा. घो जी५ करून उंटाला आधार देणंही मोजून बघा.

२. ७...रा×एच७ ८. घो जी५+ व×जी५. ९. उं×जी५. पांढऱ्याने उंट आणि घोडा दिले; वजीर आणि एक प्यादं मिळालं. ३+३ विरुद्ध ९+१. पांढरा स्पष्ट वर.

३. ८...रा एच६. घोडा जी५ वरून उठला की सी१ च्या उंटाचा शह उघडतो. ९. घो×ई६+ आणि वजीर मिळतो.

४. ८...रा एच८. ९. व एच५+ रा जी८ १०. व एच७ मात.

५. ८...रा जी६. हीच अवघड वाट, आणि दमदार खेळाडू हीच निवडतो. पटावर मांडा. ९. एच४ नंतर धमकी १०. एच५+ ची. काळ्याने मध्ये काही केलं नाही तर १०...रा एफ५ ला ११. व एफ३ मात आहे, आणि १०...रा एच६ ला ११. घो×एफ७+ हा दुहेरी शह, पाठोपाठ वजीर. पण काळा नवव्या चालीला स्वस्थ बसणार नाही. ९...एफ५, ९...एफ६, ९...ह एच८, ९...घो×ई५ या चारही चालींना तुमचं उत्तर लिहा. त्यात ९. व जी४ आणि ९. व डी३+ हे पर्यायही घ्या. या एका फाट्याला वीस मिनिटं गेली तरी चालेल.

डावात आलेली ८...रा जी८ ९. व एच५ ही वाट शेवटी ठेवली, कारण ती सोपी आहे. धमकी एच७ वर मातीची. ९...घो एफ६ ला १०. ई×एफ६ करा, मातीची धमकी कायम राहते. ९...एफ६ किंवा ९...एफ५ ला लगेच व एच७ मात, कारण एफ७ चं घर जी५ च्या घोड्याने धरलं आहे.

एक गोष्ट हमखास सुटते: पांढऱ्याचा राजा अजून ई१ वर आहे आणि सी३ च्या पलीकडे बी४ चा उंट बसलेला आहे. ९...उं×सी३+ हा मधला शह काळा केव्हाही देऊ शकतो. इथे १०. बी×सी३ केलं की पुढची मात तशीच राहते, फक्त एक चाल लांबते. पण अशाच दुसऱ्या स्थितीत तो मधला शह तुमचा वजीर किंवा हत्ती घेऊन जाईल. बलिदान देण्याआधी समोरच्याचे सगळे शह बोटावर मोजायचे, तेही आवाज न करता.

तपासा: प्रत्येक वाटेच्या शेवटी तीनपैकी एक शब्द लिहिला आहे का: मात, वर, किंवा अस्पष्ट? 'हल्ला चांगला' हा निकाल नव्हे.

## टप्पा ५: एक मोहरं सरकवून पुन्हा तपासा

या टप्प्याशिवाय बाकीचं सगळं पाठांतर ठरतं. सातव्या चालीआधीची स्थिती मांडा. एका वेळी एकच बदल करा आणि बलिदान टिकतं का ते बघा.

काळ्याचा उंट बी४ ऐवजी ई७ वर ठेवा. आता घो जी५+ ला उंटच घोडा खातो. एच-प्यादं आधी एच४ वर असेल तर एच×जी५ ने एच-फाईल (एच ची उभी रांग) उघडते. नसेल तर तुम्ही दोन मोहरी दान केलीत.

पांढऱ्याचा एखादा घोडा डी२ वर ठेवा. सी१ च्या उंटाची वाट बंद झाली. आता ८. घो जी५+ व×जी५ आणि वजिराला खायला कुणीच नाही. आपल्या भागात कोले पद्धतीने (पांढऱ्याची एक सुरुवातीची मांडणी) खेळणाऱ्यांची फसगत नेमकी इथेच होते. त्यांचा घोडा डी२ वर असतो आणि बलिदान मात्र पुस्तकातल्या चित्रासारखं देतात.

काळ्याचा हत्ती आधीच ई८ वर ठेवा. आता एफ८ रिकामं आहे आणि ९. व एच५ ला ९...घो एफ८ असं उत्तर येतं, घोडा एच७ सांभाळतो. सगळा हिशोब नव्याने.

ई६ चं प्यादं काढून टाका. सी८ च्या उंटाची वाट मात्र डी७ च्या घोड्यानेच अडवली आहे. तो घोडा बी६ वर असता तर उं एफ५ करून एच७ राखता आलं असतं. आणि ई५ चं पांढरं प्यादं काढलंत तर काळ्याचा घोडा एफ६ वर परत येतो आणि वजिरालाच हुसकावतो.

असे चार-पाच बदल हाताने केले की लक्षात येतं, हे बलिदान कशाकशावर उभं होतं: उघडा सी१ चा उंट, ई५ चं प्यादं, एफ८ वर अडकलेला हत्ती, आणि दूर बी४ वर बसलेला उंट. यातलं एक नसेल तर हात आवरा आणि पुन्हा मोजा.

## टप्पा ६: शेवटाकडे चालींचा क्रम

९...ह ई८ नंतर अनेक जण सरळ १०. व एच७+ रा एफ८ ११. व एच८+ रा ई७ १२. व×जी७ असं खेळतात. वजीर त्याच घरात पोचला, मग मात का नाही? कारण एफ७ वर काळ्याचं प्यादं अजून उभं आहे. जी७ आणि ई७ यांच्या मध्ये ते भिंतीसारखं येतं, शहच बसत नाही. काळा १२...ह एफ८ करून एफ७ सांभाळतो आणि सरळ मात हातची जाते.

म्हणून आधी १०. व×एफ७+. राजाला एच८ शिवाय घर नाही. मग वजीर एच५, एच७, एच८ असा फिरतो आणि काळ्याकडे प्रत्येक वेळी एकच कायदेशीर चाल उरते. शेवटी जी७ वर वजीर आला की एफ८ आणि एफ७ त्याच्या ताब्यात, डी६ आणि एफ६ ई५ च्या प्याद्याकडे, आणि डी८, ई८, डी७, ई६ वर काळ्याचीच मोहरी. ही आठ घरं एकेक बोट ठेवून मोजा.

## टप्पा ७: आता इंजिन

आता मोबाइल आणा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्टॉकफिश हे इंजिन फुकट आहे, तेवढं पुरे. एकच ओळ दाखवणारं सेटिंग बदलून तीन ओळी दाखवा, म्हणजे दुसरी-तिसरी चाल किती मागे आहे ते कळेल. फक्त एक चाल चालत असेल आणि बाकी सगळ्या हरत असतील, तर ती जागा वेगळी खूण करून ठेवा.

आकड्याचा अर्थ नीट घ्या. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून +१ हा आकडा असा बसवला आहे की तेवढ्या आघाडीवर इंजिन स्वतःशी खेळताना जिंकण्याची शक्यता ५० टक्के. +०.४ आणि +०.६ मधला फरक क्लबपातळीवर विसरून जा. तुम्ही 'वर' लिहिलं आणि इंजिन 'बरोबरी' म्हणतंय अशाच जागा लाल पेनाने लिहा.

इशारा: इंजिनची चाल समजली नाही तर तिच्याविरुद्ध स्वतःची चाल खेळून बघा, इंजिन ती कशी मोडतं ते दिसेल. तरीही कळलं नाही, तर त्या चालीसमोर प्रश्नचिन्ह ठेवून क्लबात कुणाला तरी विचारा. न समजलेली चाल निळ्या पेनाने स्वतःची म्हणून लिहू नका.

## टप्पा ८: वहीत काय उरतं

डावाच्या पानावर खाली तीनच ओळी. एक, काळ्याची निर्णायक चूक आणि तिचं कारण. दोन, तुमच्या चालींपैकी जी नशिबाने चालली ती, इथे ४. उं डी३. तीन, न पाहिलेली वाट. बहुतेकांची ती ८...रा जी६ असते.

नंतर सातव्या चालीआधीची स्थिती एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढा, मागच्या बाजूला टप्पा ५ मधले बदल एकेका ओळीत. सात दिवसांनी कार्ड काढा आणि उत्तर न बघता पाचही वाटा तोंडी म्हणा. अडलात तर त्याच वाटेला पट मांडा, बाकीच्या सोडून द्या. पुढच्या स्पर्धेला जाताना वही पिशवीत असू द्या. पहिल्या फेरीची जोडी लागेपर्यंत हॉलबाहेर अर्धा-पाऊण तास मिळतोच, तेवढ्यात दोन कार्डं होतात.